पॉल रोबसन यांची कारकीर्द कोणी संपवली?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत अमेरिकी गायक-नट पॉल रोबसन यांच्यावरील लेख वाचला. त्यांच्या खर्जातल्या आवाजाविषयी लेखकाने आस्थेने लिहिले आहे. परंतु राजकारणाच्या नादी लागून त्यांनी आपली कारकीर्द स्वतःच्या हाताने संपवली, हा लेखाच्या अखेरीस काढलेला निष्कर्ष वस्तुस्थितीला धरून नाही.

मुळात रोबसन यांच्या गाण्यातून राजकारण वेगळे काढताच येत नाही. त्यांचे वडील गुलामगिरीत जन्मले आणि तिथून पळून येऊन पुढे धर्मोपदेशक झाले. त्या गुलामांची भक्तिगीते १९२५ मध्ये न्यूयॉर्कच्या रंगमंचावर आणून केवळ त्यांचीच मैफल करणे, हेच त्या काळात एक विधान होते. ‘शो बोट’ या संगीतिकेतल्या ज्या गीतामुळे ते घराघरांत पोहोचले, त्यातले जगण्याला कंटाळलेल्या आणि मरणाला भ्यालेल्या माणसाचे शब्द त्यांनी पुढे बदलले आणि मरेपर्यंत झगडत राहण्याचे शब्द त्या जागी घातले. १९४३ मध्ये ब्रॉडवेवर त्यांनी साकारलेल्या ऑथेल्लोचे २९६ प्रयोग झाले. गोऱ्या नटसंचात कृष्णवर्णीय ऑथेल्लो ब्रॉडवे प्रथमच पाहत होता. पुढे हे नाटक दौऱ्यावर निघाले तेव्हा, जिथे काळ्या प्रेक्षकांना वेगळे बसवले जाते अशा नाट्यगृहात आपण उभे राहणार नाही, ही त्यांची अट होती. याला नादी लागणे म्हणायचे काय?

१९४९ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या पीकस्किल येथील त्यांच्या मैफलीवर जमावाने हल्ला केला, श्रोत्यांच्या गाड्यांवर दगडफेक झाली. १९५० मध्ये परराष्ट्र खात्याने त्यांचे पारपत्र रद्द केले आणि आपण कम्युनिस्ट नाही असे प्रतिज्ञापत्र लिहून मागितले. माणसाच्या राजकीय मतांची चौकशी करण्याचा सरकारला अधिकारच नाही, या भूमिकेवरून रोबसन यांनी ते देण्यास अखेरपर्यंत नकार दिला. परदेशाची दारे बंद झाली, आणि देशातही सभागृहे मिळेनाशी झाली. श्रीमती एलिनॉर रूझवेल्ट यांच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमातले त्यांचे ठरलेले येणे वाहिनीने रद्द केले. तरीही १९५२ मध्ये कॅनडाच्या सीमेवर उघड्या ट्रकवर उभे राहून ते पलीकडच्या हजारो श्रोत्यांसाठी गायले, आणि १९५७ मध्ये अटलांटिकखालच्या दूरध्वनी तारेवरून वेल्सच्या खाणकामगारांनी त्यांचे गाणे ऐकले. ज्याला गाणे सोडायचे असते, तो अशा वाटा शोधत बसत नाही.

त्यांचे सर्वच वागणे समर्थनीय होते, असे माझे म्हणणे नाही. स्टालिनच्या राजवटीतील अत्याचारांबाबत त्यांनी जाहीरपणे मौन पाळले, ही त्यांच्या चरित्रातील मोठी उणीव आहे आणि त्यांच्या चाहत्यांनी ती झाकू नये. पण त्या मौनाची शिक्षा म्हणून त्यांचे गाणे बंद करण्यात आले नव्हते. अमेरिकेतील काळ्या माणसांच्या स्थितीविषयी परदेशात जाऊन त्यांनी बोलू नये, हे सरकारच्या हरकतीमागचे एक कारण होते.

लेखात सुटलेली आणखी एक गोष्ट आपल्या मुंबईशी निगडित आहे. १९५८ मध्ये रोबसन यांचा साठावा वाढदिवस भारतात साजरा झाला, तेव्हा त्यासाठीच्या समितीचे अध्यक्षपद मुंबई उच्च न्यायालयाचे तत्कालीन मुख्य न्यायमूर्ती महंमद करीम छागला यांच्याकडे होते. पंडित नेहरूंची रोबसन यांच्याशी लंडनमधल्या दिवसांपासून मैत्री होती. अमेरिकी अधिकाऱ्यांनी नापसंती कळवूनही त्यांनी या सोहळ्याला जाहीर पाठिंबा दिला. छागला तर त्याच वर्षी भारताचे राजदूत म्हणून वॉशिंग्टनला गेले! जूनमध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पारपत्राबाबतच्या दुसऱ्या एका खटल्यात सरकारविरुद्ध निर्णय दिला आणि रोबसन यांना आपले पारपत्र परत मिळाले.

आपल्या दप्तरात एप्रिल १९५८ चे अंक जपून ठेवलेले असतील, तर या सोहळ्याविषयी तेव्हा मराठीत काय छापून आले होते ते शोधून, मूळ लेखातील दुरुस्तीसह प्रसिद्ध करावे, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक, दादर, मुंबई