पिकअपची हलणारी सीट पासिंगला (आरटीओच्या गाडी तपासणीत) कोणी का बघत नाही?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दर जानेवारीत रस्ता सुरक्षेचं अभियान लागतं, आम्हा ड्रायव्हर लोकांना गुलाबाचं फूल देतात, डोळे तपासतात, गाडीला रेडियम लावतात, चांगलंच आहे ते, पण ड्रायव्हर ज्या सीटवर बसतो ती सीट हाताने धरून हलवून बघणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. आणि पिकअपमध्ये ही घरोघरची तक्रार आहे. नारायणगाव, आळेफाटा, ओतूर इकडून रात्री टोमॅटो नाहीतर कांदा भरून माळशेज उतरून वाशी मार्केटला जाणाऱ्या जुन्या गाड्यांत कधी बसून बघा, किती तरी गाड्यांची सीट दाढ हलावी तशी हलते, कुणी खाली पोत्याची घडी कोंबलेली असते, कुणी लाकडाची पाचर ठोकलेली असते, कुणी बाइंडिंग तारेने आवळून ठेवलेली असते, आणि मालकाला सांगितलं की उत्तर एकच, "चालतंय ना, मग चालव की, तुला काय सोफा पाहिजे का?"

मालक लोकांना हे कळत नाही (किंवा कळून वळत नाही) की प्रश्न आरामाचा नाहीच, सीट ढिली म्हणजे ब्रेक ढिला असंच समजायचं. घाट उतरताना मागे माल भरलेला, पुढच्या वळणावर दरड नाहीतर म्हैस, जोरात ब्रेक मारला की सीट एकदम पुढे सरकते, गुडघे स्टिअरिंगखाली अडकतात आणि पाय पेडलवर तिरका पडतो. परतीला चढणीवर उलटं होतं, हाफ क्लचवर गाडी उचलताना सीट खाडकन मागे गेली की पाय क्लचवरून निसटतो, गाडी झटका खाऊन बंद पडते, मागे पण घसरू शकते आणि तेव्हा ब्रेकसुद्धा पायाला लांब झालेला असतो. माणूस मागे पडताना हातातलं स्टिअरिंगच ओढतो, त्याच्यात त्याची काही चूक नसते, शरीर आपोआप जे हाताला लागेल ते धरतं. सरळ रस्त्यावर गाडी ताशी ६० ला असेल तर एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर पुढे जाते, म्हणजे घसरलेला माणूस सावरून ब्रेक शोधेपर्यंत गाडी कुठल्या कुठे गेलेली असते.

बेल्टचंही तेच. बेल्ट लावला नाही तर हजार रुपये दंड आहे आणि तो असायलाच पाहिजे, पण बऱ्याच गाड्यांत बेल्टचं बकल सीटच्या सांगाड्यालाच बसवलेलं असतं, मग ती सीटच जमिनीला नीट धरलेली नसेल तर बेल्ट माणसाला धरणार कशाच्या जोरावर?

आता सीट ढिली होते म्हणजे नेमकं काय होतं ते जरा सविस्तर लिहितो, कारण गॅरेजमध्ये गेल्यावर दुखणं एकीकडे आणि औषध भलतीकडे असं फार होतं. सीटची पाठ दोन्ही हातांनी धरायची, पुढेमागे आणि डावीउजवीकडे जोर लावायचा आणि सीट ज्या पट्टीवर पुढेमागे सरकते त्या खालच्या पट्टीवर नजर ठेवायची, मोबाइलची बॅटरी लावून. पट्टीच पत्र्यावरून उचलतीये असं दिसलं तर बोल्टचं काम आहे. पट्टी जागेवर घट्ट आहे पण तिच्यावरची सीट खडखडतीये तर स्लायडर (सीट सरकवणारी पट्ट्यांची जोडी) झिजलाय. आणि खालचं सगळं ठीक असून पाठच हलत असेल तर पाठीचं जॉइंट गेलंय. हे बघायला पाच मिनिटं पण लागत नाहीत, पण न बघताच पाना घेऊन आवळाआवळी सुरू करतात आणि चार दिवसांनी परत तेच.

बोल्टचं असेल तर बहुतेक वेळा दरवाज्याकडच्या बाजूचा बोल्ट आधी सैल होतो कारण चढता-उतरता अंगाचा सगळा भार त्याच कोपऱ्यावर येतो, वरून खड्ड्यांचे हादरे आहेतच. आवळल्यावर घट्ट बसला तर उत्तमच, जुना स्प्रिंग वॉशर चपटा झालेला असतो तो टाकून नवीन घालायचा आणि आठवडाभराने परत पाना लावून बघायचा. पण कितीही आवळा, बोल्ट नुसता गरगर फिरतोय, असं झालं की समजायचं एकतर आटे गेलेत नाहीतर पत्र्याखाली वेल्ड केलेला नट सुटलाय. इथेच खरी फसगत होते. हाताला लागेल तो बोल्ट घालून मोकळे होतात, साधा बोल्ट काय आणि सीटचा काय, बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात ना. सीटला हाय टेन्साइल (जास्त ताण सोसणारा) बोल्ट लागतो, त्याच्या डोक्यावर ८.८ असा आकडा कोरलेला असतो, साधा मऊ बोल्ट रोजच्या वापरात टिकल्यासारखा वाटतो पण धडकेच्या वेळी ताणला जातो नाहीतर तुटतो. दोघांच्या किमतीत फरक चहापाण्याएवढासुद्धा नाही.

सगळ्यात वाईट म्हणजे सडलेला पत्रा. पावसाळ्यात चिखलाचे पाय, खाली रबरी मॅट, मॅटखाली पाणी तसंच साचून राहतं, कोणी केबिन पाइप लावून धुतो, मासळीच्या गाड्या असतील तर खारं पाणी, दोन-चार पावसाळ्यांत बोल्टच्या भोवतीचा पत्रा पापडासारखा होतो. त्याच्यावर मोठा वॉशर टाकून आवळलं तर महिनाभर बरं वाटतं आणि मग वॉशरसकट भोक मोठं होतं. कुजलेला पत्रा चांगला पत्रा लागेपर्यंत कापायचा, तिथे नवीन तुकडा वेल्ड करायचा, खालून जाड लोखंडी पट्टी द्यायची म्हणजे जोर एका भोकावर न येता पसरतो, मग प्राइमर, मग रंग. वेल्डिंगच्या आधी सीट बाहेर काढायची, बॅटरीची वायर सोडायची आणि खालून वायरिंग, डिझेलचा पाइप कुठून गेलाय ते बघून घ्यायचं, फोम आणि रेक्झिन पेटायला एक ठिणगी बास होते.

स्लायडरमध्ये अजून एक गोष्ट असते जी फार लोकांना माहीत नाही. सीट लॉक करायचा खटका एकच असला तरी दात दोन्ही पट्ट्यांना असतात, खटक्यापासून पलीकडच्या बाजूला एक सळई किंवा तार गेलेली असते. ती वाकली, तिच्यात माती-कांद्याची टरफलं अडकली की एकच बाजू लॉक होते आणि दुसरी मोकळी, मग सीट ब्रेकला तिरकी वळते. ब्रशने साफ करून, थोडं ग्रीस लावून, दोन्हीकडून "टक" असा आवाज येतोय का ते ऐकायचं. दात झिजले असतील, स्प्रिंग गेली असेल तर स्लायडरची जोडीच बदलायची. त्याऐवजी काही ठिकाणी स्लायडरलाच वेल्डिंगचा टाका मारून देतात, सीट कायमची एका जागी. हे मला अजिबात पटत नाही. एकाच गाडीवर दिवसा एक ड्रायव्हर, रात्री दुसरा, एक सहा फुटी आणि एक पाच फुटी, टाका मारलेल्या सीटवर बुटका माणूस पुढच्या कडेवर टेकून पायाच्या अंगठ्याने क्लच दाबत रात्रभर गाडी मारतो, त्याची कंबर काय होणार आणि पाय पेडलवर पुरा पडणार कसा.

सरकारने मोठ्या ट्रकना १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या गाड्यांत केबिनला एसी सक्तीचा केला, फार चांगलं काम झालं, ड्रायव्हरचा कोणीतरी विचार केला. पण तो साडेतीन टनांच्या वरच्या गाड्यांना, आमच्या पिकअप आणि छोटा हत्ती त्याच्यात बसत नाहीत. आम्ही एसी मागत पण नाही. आमचं मागणं एवढंच आहे की मालवाहू गाडीचं पासिंग आठ वर्षांपर्यंत दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी होतंच, तेव्हा तपासणाऱ्या माणसाने दरवाजा उघडून सीटवर बसावं, पाठीला जोर देऊन हलवून बघावं, खटका लावून पाय टेकवून मागे रेटावं, आणि सीट हलली तर ब्रेक फेल गाडीला परत पाठवतात तसं परत पाठवावं. आता ऑटोमॅटिक टेस्टिंग सेंटर होतायत, रोलरवर ब्रेक मोजला जाईल, पण रोलर सीट हलवून बघत नाही, त्याला माणसाचा हातच लागेल. एकदा पासिंग अडलं की मालक त्याच दिवशी बोल्ट आणून देतो, पगारी ड्रायव्हरने दहा वेळा सांगून जे होत नाही ते तिथे होईल.

मार्केट कमिट्यांनाही एक विनंती आहे. माल खाली व्हायची वाट बघत गाड्या पार्किंगला तासन् तास उभ्या असतात, तिथे एखादा मेकॅनिक पाने, ८.८ चे बोल्ट आणि वॉशर घेऊन बसवला, बोल्टचे पैसे गाडीवाल्याकडून घेतले तरी चालतील, तर निम्म्या सीट तिथल्या तिथे घट्ट होतील. टोमॅटोचा सीझन लागायच्या आत हे सुरू झालं तर पावसातल्या घाटाच्या आधी गाड्या नीट होतील. आपल्या पेपरने हा विषय संबंधितांपर्यंत पोचवावा ही विनंती.

आपला वाचक,
एक पिकअप चालक, ओतूर (ता. जुन्नर)