केंद्रकीय समीकरणात दोन बेरजा

संपादक महोदय,

केंद्रकीय अभिक्रियेत मूलद्रव्यच बदलते, म्हणून रासायनिक समीकरणासारखे अणू मोजून भागत नाही. चिन्हाच्या वरचे अणुवस्तुमानांक (प्रोटॉन व न्यूट्रॉन मिळून संख्या) आणि खालचे अणुअंक (प्रोटॉनची संख्या), दोन्हींची बेरीज बाणाच्या दोन्ही बाजूंना स्वतंत्रपणे जुळली पाहिजे. युरेनियम-२३५ ने एक न्यूट्रॉन शोषून बेरियम-१४१ आणि क्रिप्टॉन-९२ झाले, तर २३६ मधून २३३ वजा जाता ३ न्यूट्रॉन सुटतात; खाली ९२ = ५६ + ३६. विद्यार्थी बहुधा डावीकडचा न्यूट्रॉन विसरतात आणि उत्तर २ येते.

बीटा ऱ्हासात, म्हणजे केंद्रकातून इलेक्ट्रॉन बाहेर पडतो तेव्हा, इलेक्ट्रॉनचा खालचा अंक −१ ऐवजी १ लिहिला, की कार्बन-१४ पासून नायट्रोजनऐवजी चक्क बोरॉन मिळतो! इलेक्ट्रॉनसोबत सुटणाऱ्या प्रतिन्यूट्रिनो या विद्युतभाररहित कणाचे दोन्ही अंक शून्य असले तरी तो लिहायलाच हवा. त्याच्याशिवाय ऊर्जेचा हिशेब अपुरा राहतो.

– एक विज्ञान शिक्षक