गाडीचं ठरवलंय

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार,

बाबा, रविवारी गाडी जाणार. ११ हजार इसार घेऊन बसलेय. सांगायला दोनदा फोन लावला, पण तुमचा आवाज ऐकला की शब्दच फुटेना, म्हणून लिहितेय. आधी सगळं वाचा, मग रागवा.

गेल्या खेपेला "धुवून आणते" म्हणून गाडी नेली, ते खोटं होतं. पोवई नाक्यावर घेणारे थांबले होते. कोरेगावजवळच्या गावात शिक्षक आहेत, दोन लहान मुलं. तुमच्याशी खोटं बोलले याची टोचणी तेव्हापासून आहे.

दोष मात्र एकही लपवला नाही. तुम्ही रोज रात्री गाडीखाली सरकवता तो पुठ्ठा डिकीतच होता, तोही काढून दाखवला. त्यावरचे तेलाचे डाग रुपयाच्या नाण्याएवढे आहेत, म्हणजे गळती टॅपेट कव्हरच्या, इंजिनावरच्या झाकणाच्या, पॅकिंगची, मोठी नाही. मागची डावी काच, खड्ड्यात खडखडणारे बुश, सगळं सांगितलं. यवतेश्वरच्या चढावर त्यांनाच चालवायला लावली. क्लच घासलाय, त्यामुळे इंजिन ओरडतं आणि गाडी ओढत नाही, हे त्यांनी स्वतः पाहिलं. त्यांच्या मेस्त्रीने १० हजार कमी करायला सांगितले, मी केले. एक लाख पाच हजारांवर ठरलं.

तुम्ही म्हणणार, काम करून विकली असती तर जास्त आले असते. मी हिशोब केलाय बाबा. क्लचप्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग, मजुरी धरून साडेसात. बुश आणि काच धरली की बारा हजार. एवढं घालूनही गाडी २०११चीच. मार्चमध्ये पासिंगची १५ वर्षं संपतात. मग नूतनीकरणाची ५ हजार फी, पर्यावरण कर, तपासणीसाठी आरटीओत हेलपाटे, आणि हातात पुढची ५ वर्षं. दादाशीही बोलले, त्याचंही हेच मत पडलं.

पण हे सगळं क्लचवर ढकलणं बरोबर नाही. दिवाळीत पुण्याहून येताना खंबाटकीच्या घाटात गाडी थांबली, मागे ट्रकचे हॉर्न, जळका वास, आणि तुम्ही डावा गुडघा मुठीने दाबत होतात. मी विचारलं तर म्हणालात, "काही नाही गं, पेडल कडक झालंय." पेडल कडक आहेच. पण त्या रात्री मागच्या सीटवर आई माझा हात घट्ट धरून बसली होती, आणि घरी पोचेपर्यंत तिने तो सोडला नाही. तुमच्या हातावर माझा पूर्ण विश्वास आहे. लहानपणी स्कूटरवर पुढे उभी राहायचे तेव्हा ब्रेक दाबण्याआधी तुमचा तळवा माझ्या कपाळावर यायचा. आज मी चाळिशी ओलांडली, तरी मी शेजारी असले की तो हात आडवा येतोच. त्या हाताला आता थोडी विश्रांती मिळावी, एवढंच मनात आहे.

तुमचं कशावाचून अडणार नाही. शनिवारच्या मंडईला आणि दर महिन्याला डॉक्टरांकडे न्यायला नेहमीचे रिक्षावाले काका घरापर्यंत येतील, त्यांच्याशी मी बोलले आहे. बाबांना ७५ पूर्ण झाल्यापासून एसटी फुकट, आईला अर्धं तिकीट, पण माझ्याकडे येताना एसटीने यायचं नाही, मी इथून गाडी पाठवीन. गाडीचे पैसे तुमच्या खात्यात राहतील आणि ते फिरण्यावरच खर्च करायचे. आई, ते मुदत ठेवीत टाकायचे नाहीत, आधीच सांगते.

आता नीट ऐका. कोऱ्या फॉर्मवर सही करायची नाही. मालकी बदलण्याचे फॉर्म, म्हणजे फॉर्म २९च्या दोन प्रती आणि फॉर्म ३०, मी भरून आणते, माझ्यासमोरच सही. ओटीपी आला तर फोनवर कुणालाही सांगायचा नाही. ताबा दिल्याची पावती तारीख-वेळेसह घ्यायची, आणि आरसीवर त्यांचं नाव चढेपर्यंत मी पाठपुरावा सोडणार नाही. नाव आपलं राहिलं तर अपघाताची भरपाईही आपल्यावर येते, सर्वोच्च न्यायालयाने २०१८मध्ये तेच सांगितलंय. स्कूटरच्या वेळची ती नोटीस आणि आईच्या त्या जागून काढलेल्या रात्री मला पुन्हा नकोत. फास्टॅग मी बंद करते. आरसी, विमा, पीयूसी, दुसरी किल्ली निळ्या पिशवीत काढून ठेवा. बाबा, लायसन्स मात्र तुमच्या पाकिटातच राहू दे. ते कुणी मागत नाहीये.

मी येईपर्यंत गाडी बाहेर काढू नका. अगदी दुधाला सुद्धा नाही.

मी शनिवारी सकाळी पोचते. दुपारी तिघंही माहुलीला संगमावर जाऊन येऊ. रस्ता सपाट आहे, क्लच ओढेल. जाताना बाबा चालवतील, येताना मी. आई, स्टिअरिंगचं तू शिवलेलं कव्हर मी त्यांना देणार नाही, त्याची दोरी सोडवायला तुझी बारीक कात्री लागेल. आणि दसऱ्याचं तोरण अजून आरशाला आहे, ते निर्माल्यात टाकायचं की संगमावर सोडायचं, ते तू ठरव.

गुडघ्याला तेल लावा, दोघंही.

तुमची,
मनी