मथळ्याचा टंक मथळ्यापुरताच

महोदय,

मासिकांच्या मुखपृष्ठांवर आणि महागड्या वस्तूंच्या जाहिरातींत दिसणारी, जाड दांड्यांची आणि केसाइतक्या बारीक रेषांची रोमन अक्षरे आधुनिक वाटत असली, तरी त्यांचे मूळ अठराव्या शतकाच्या अखेरीस पॅरिसचे दिदो हे मुद्रकांचे घराणे आणि इटलीतील पार्मा येथील मुद्रक जांबात्तिस्ता बोदोनी यांनी घडवलेल्या टंकांत (फाँटमध्ये) आहे. मोठ्या आकारात त्यांचा रुबाब निर्विवाद आहे. मात्र तीच अक्षरे आठ पॉइंटच्या लहान आकारात, त्यातही काळ्यावर पांढरी छापली, की शाई पसरून बारीक रेषा बुजतात आणि शब्दांचे नुसते खांब उरतात. जाहिरातीतील अटी नेमक्या अशाच छापल्या जातात (हा योगायोग नसावा). संपादकीय मजकुरासाठी तरी मांडणीकारांनी कमी कॉन्ट्रास्टचा, म्हणजे जाड व बारीक रेषांत कमी फरक असलेला, टंक निवडावा, ही विनंती.

आपला,
एक वाचक