पुढचा पंजा

अंजर्ले, ता. दापोली
दि. १२ डिसेंबर २०२४

प्रिय विनायक,

सप्रेम नमस्कार.

गणपतीत तू परत निघालास तेव्हा पंधरा दिवसांत पत्र लिहीन म्हणालो होतो, आणि आता मार्गशीर्ष अर्धा सरत आला. गेल्या आठवड्यात तुझे दोन फोन येऊन गेले, ते मी मुद्दाम उचलले नाहीत, त्याबद्दल मनापासून क्षमा माग­तो. आईचे गुडघे आहेत तसेच आहेत, माझा रक्तदाब गोळीने ताब्यात आहे, बाकी घरी सर्व कुशल.

दत्तूला झाडे कापायचे साखळीचे मशीन लागले. आपले मशीन, विनायक. तेच, निसर्ग वादळानंतर आपण दोघांनी निम्मे-निम्मे पैसे घालून घेतलेले आणि तू पुण्याला परतल्यावर मी दत्तूला देऊन टाकलेले. घाबरू नकोस, तो वाचला आहे आणि काल घरी आला आहे. डावा खांदा फाटला, गळपट्टीच्या हाडाला दात लागले, आतून चौदा आणि वरून एकोणीस टाके पडले. जखम मानेच्या बाजूला आणखी तीन बोटे सरकली असती तर हे पत्र मला लिहावेच लागले नसते, कारण तू इथे आला असतास.

घडले ते असे. तुमच्या गडग्याला लागून असलेला रायवळ आंबा वादळापासून कलंडलेला होता, तो यंदाच्या पावसात मुळासकट आडवा झाला. गेल्या बुधवारी सकाळी दत्तू त्याच्या फांद्या उतरवत होता आणि मी मागे सरपण रचत होतो. मनगटाएवढी एक फांदी छातीच्या उंचीवर आडवी आली होती. ती कापताना बारचे, म्हणजे साखळी ज्यावरून फिरते त्या लांब पात्याचे, टोक पलीकडे किती गेले आहे हे त्याला दिसले नाही, आणि पलीकडे पानांच्या आड एक जुना खुंट उभा होता. टोकाचा वरचा भाग त्या खुंटाला टेकला. मी पाहत होतो, तरीही मला काहीच दिसले नाही, इतकेच मी तुला सांगू शकतो. बार फांदीत होता आणि दुसऱ्या क्षणी तो त्याच्या खांद्यावर होता. मध्ये काही घडल्याचे माझ्या डोळ्यांनी टिपलेच नाही. मशीनचा आवाज बंद झाल्यावर दत्तू अगदी शांतपणे म्हणाला, “भाऊ, जरा धरा हे.” मी मशीन हातात घेतले तेव्हा साखळीच्या दातांत त्याच्या निळ्या सदऱ्याचे सूत गुंडाळलेले होते आणि भुसा ओला झाला होता.

मी धुतलेला पंचा जखमेवर दोन्ही हातांनी दाबून धरला आणि दापोलीपर्यंत सोडला नाही. हे आपल्याला अण्णांनी शिकवले होते, ते त्या दिवशी उपयोगी पडले. डॉक्टरांना टाके घालण्यापेक्षा जखम धुवायलाच जास्त वेळ लागला. कोयत्याची जखम सरळ असते. ही साखळी कापत नाही, मांस उकरून नेते आणि त्या जागी भुसा आणि तेल भरून ठेवते. धनुर्वाताचे इंजेक्शन लगेच दिले.

आता जे तुझ्याशिवाय दुसऱ्या कोणाला सांगता येत नाही, ते लिहितो. डॉक्टरांनी दत्तूला विचारले की मशीनला पुढे पंजा, म्हणजे दांड्यापुढची ती आडवी पट्टी, नव्हता का. दत्तू म्हणाला, “पहिल्यापासूनच नव्हता.” तो खरेच बोलला, कारण त्याला मशीन मिळाले तेव्हा पंजा नव्हता. तो कोणी काढला, हे जगात आपण दोघेच जाणतो.

तुमच्या पडवीतला तो दिवस तुला आठवत असेलच. ३ जून २०२० ला वारा ताशी शंभर किलोमीटरच्या वर गेला, माड आणि पोफळी काडीसारख्या मोडल्या, वीज गेली ती कित्येक आठवडे आली नाही, आणि दोन वाड्यांच्या वाटा मोकळ्या करण्याचे काम आपल्या अंगावर पडले. आंब्याचा चीक आणि भुसा साचून पंजाला जोडलेला साखळीचा ब्रेक सारखा अडकत होता. साखळी मध्येच थांबली की माझा जीव वरखाली होत असे. पान्याने तो पंजा मी काढला तेव्हा तू माझ्या हातातून पाना ओढलास, आणि मी तुला नको ते बोललो. पुण्याच्या खुर्चीत बसणाऱ्याने वाडीतले शिकवू नये, असे काहीसे बोललो. आठ दिवस आपण एकमेकांशी अवाक्षर बोललो नाही, पण झाडे मात्र एकत्र कापली. तू अण्णांचे स्कूटरचे हेल्मेट घालून कामाला उभा राहायचास आणि पोरे तुला चंद्रावरचा माणूस म्हणून हाका मारायची. हसून हसून काकूंच्या डोळ्यांत पाणी यायचे, ते आठवून आजही बरे वाटते. त्या हेल्मेटबद्दल मी तुला कधी चांगले म्हटले नाही, ते आज म्हणतो.

पंजा म्हणजे नुसते हाताचे संरक्षण, असे मी समजत होतो. मशीनच्या खोक्यात तेव्हाची पुस्तिका अजून आहे, ती मी या आठ दिवसांत चार वेळा वाचली. त्यात बारच्या टोकाचे एक चित्र आहे आणि त्याचा वरचा पाव भाग काळा केलेला आहे. त्या ठिकाणी साखळी वळण घेऊन पुढे-खाली जात असते. तिथे काही कठीण टेकले की दात लाकडात रुततात, साखळी क्षणभर अडते आणि सेकंदाला वीस मीटरहून अधिक धावणारा तिचा सगळा जोर उलटा फिरून बारला वर आणि मागे, धरणाऱ्याच्या तोंडाकडे फेकतो. याला ते किकबॅक म्हणतात. सेकंदाच्या दहाव्या हिश्श्यात हे सारे उरकते आणि माणसाचा हात त्याच्या दुप्पट वेळेतही हलत नाही, तेव्हा घट्ट धरले होते की सावध होतो, याला काही अर्थच उरत नाही. मशीन उसळले की डाव्या हाताचे मनगट पंजावर आपटते, किंवा झटक्यानेच पंजा पुढे पडतो, आणि साखळी जागच्या जागी थांबते. बार अंगावर येतोच, पण थांबलेल्या साखळीनिशी येतो. दत्तूच्या अंगावर तो फिरत्या साखळीनिशी आला.

दत्तूच्या चुका नव्हत्याच असे मी म्हणत नाही. तो बारच्या अगदी रेषेत उभा होता. थोडा डावीकडे सरून उभा असता तर बार खांद्याच्या बाजूने हवेत गेला असता. डावा अंगठा त्याने दांड्याखालून वळवला नव्हता, चारही बोटांबरोबर वरच ठेवला होता, म्हणून उसळी येताच पकड सुटली. घाईत रेकर, म्हणजे दातांपुढचे खोली ठरवणारे उंचवटे, जास्त घासले होते, त्यामुळे दात लाकडात अधिक खोल चावत होते. पण हे त्याला शिकवायला कोण होते? मशीन कसे चालू करायचे, पेट्रोलमध्ये टूटी तेल किती घालायचे आणि साखळीला तेल कसे सोडायचे, एवढे मी अर्ध्या तासात सांगितले आणि झाले म्हणालो. आडव्या पडलेल्या झाडाची फांदी कुठल्या बाजूने दबलेली आहे आणि कुठल्या बाजूने ताणलेली, दबलेल्या बाजूने आधी थोडे कापायचे आणि मग ताणाच्या बाजूने सोडवायचे, नाहीतर चीर मिटून बार आवळला जातो, हे तू मला त्या जूनमध्ये काडीने जमिनीवर रेषा ओढून दाखवले होतेस. मी ते दत्तूला सांगितले नाही. खांद्याच्या वर मशीन न्यायचे नाही आणि शिडीवर तर मुळीच नाही, हेही तुझेच.

सर्वांत जड जाते ते असे की, दत्तू स्वतःलाच दोष देतो आहे. काल त्याच्या उशाशी बसलो होतो तेव्हा म्हणाला, “भाऊ, तुमचं मशीन खराब केलं मी.” त्याची आई नशिबाला बोल लावते आणि मला चहा करून देते. मी तो चहा प्यायलो, विनायक.

पंजा माझ्याकडेच आहे. कपाटातल्या पत्र्याच्या डब्यात, २०२० च्या वर्तमानपत्रात गुंडाळलेला, स्प्रिंग आणि ब्रेकच्या पट्टीसकट. परवा रात्री तो काढून, डिझेलने धुऊन मशीनवर बसवून पाहिला. वीस मिनिटे लागली, आणि चीक काढल्यावर ब्रेक एकदाही अडकला नाही. साफ करायला हवा होता, काढायला नको होता.

त्यानंतर वाडीतली बाकीची तीन मशीने पाहून आलो. दोघांवर पंजाच नाही आणि तिसऱ्याचा ब्रेक भुशाने असा भरला आहे की दोन्ही हातांनी ढकलला तरी हलत नाही. तिसरे मशीन मी तिथेच बसून साफ करून दिले. बाकी दोघांसाठी सुटे भाग पुण्यात मिळतील का, ते पाहशील का? जाळीचे हेल्मेट आणि मांड्यांवर बांधायचे ते जाड पायघोळ, ज्यातले धागे सुटून साखळीच्या चाकात अडकतात आणि मशीन बंद पडते, त्यांचीही किंमत कळव. पैसे मी देणार आहे, त्यात वाटणी नको.

तुझ्या बदलीचे काय झाले? चिमणीची दहावीची पूर्व परीक्षा जवळ आली असेल, तिला आशीर्वाद सांग. वहिनींना नमस्कार. तुमच्या घराची कौले मी पाहिली आहेत, मागच्या बाजूची चार बदलावी लागतील, ते मी करून घेतो.

आधी विचार होता की तुझे उत्तर येईपर्यंत थांबावे. पण तू काय लिहिशील ते मला ठाऊक आहे, आणि ते तू पडवीत एकदा सांगून झालेले आहे. हे पत्र उद्या सकाळी टपालात पडेल आणि तिथून मी पंजाची ती जुनी गुंडाळी घेऊन थेट दत्तूकडे जाईन. त्याची आई घरी असतानाच सांगेन. औषधपाण्याचा आणि तो कामाला लागेपर्यंतच्या रोजाचा खर्च माझा, हे त्यानंतर सांगेन, आधी नाही. पैशांनी त्याचे तोंड बंद करतो आहे असे त्याला क्षणभरही वाटू नये. तो काय म्हणेल ते ऐकून घेईन आणि तुला फोन करीन. या वेळी तू उचल.

तुझा,
मधू