सेक्रेटरी काकूंना, शाल-श्रीफळाच्या ऐवजी

काकू, नमस्कार.

यंदाच्या एजीएमला, म्हणजे सोसायटीच्या वार्षिक सभेला, तुमचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करायचा असं कमिटीत ठरलं होतं, आणि तुम्ही ते कळल्या कळल्या ग्रुपवर टाकलंत, "पैसे सोसायटीच्या खात्यातून जाणार असतील तर आधी ठराव दाखवा." झालं, सत्कार बारगळला. पत्राला काही ठराव लागत नाही म्हणून हे लिहितेय, आणि सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय, कारण ठाण्यात नौपाडा-पाचपाखाडीत आपल्यासारख्या जुन्या बिल्डिंगी खंडीभर आहेत आणि प्रत्येकीत कुणीतरी एक काका किंवा काकू असतातच बिनपगारी शिव्या खाणारे. नाव लिहायचं नाही असं तुम्ही बजावलंयत, तर लिहीत नाही.

आधीचे सेक्रेटरी बदली होऊन गेले तेव्हा ती खुर्ची कुणालाच नको होती. तुम्ही नुकत्याच रिटायर झाला होतात, सगळ्यांनी तुमच्याकडे बघितलं आणि तुम्ही म्हणालात, "करते, पण मला कपाटाची चावी द्या." आम्हाला वाटलं काय हे, कपाटात काय असणारे. त्यात निघाली रबर लावलेली बिलं, बाउन्स झालेले चेक, लिफ्टचं संपलेलं एएमसी (वर्षभराच्या देखभालीचा करार), आणि एक जुना स्ट्रक्चरल ऑडिट रिपोर्ट, म्हणजे बिल्डिंगच्या मजबुतीची तपासणी, जो कुणी वाचलाच नव्हता. खरं तर बिल्डिंग 15 ते 30 वर्षांची असेल तर सोसायटीच्या नियमांप्रमाणे, म्हणजे उपविधीप्रमाणे, दर 5 वर्षांनी ऑडिट आणि तिशी ओलांडली की दर 3 वर्षांनी, आपली तर कधीच ओलांडून बसलीय. महापालिका पावसाळ्याच्या तोंडावर धोकादायक इमारतींची यादी काढते तेव्हा आपण फक्त आपलं नाव सी-1 मध्ये, म्हणजे अतिधोकादायकमध्ये, नाही ना एवढं बघायचो आणि चहा प्यायचो.

तुम्ही नवीन ऑडिट करून घेतलंत आणि मग ती स्पेशल मीटिंग, बापरे. आपलं मेंटेनन्स सगळ्या गल्लीत कमी आहे याचा आपल्याला केवढा अभिमान! त्या दिवशी तुम्ही पांढऱ्या बोर्डावर मांडून दाखवलंत की रिपेअर फंड वर्षाला बांधकाम खर्चाच्या किमान 0.75 टक्के आणि सिंकिंग फंड (पुढच्या मोठ्या कामांसाठीची शिल्लक) किमान 0.25 टक्के, पण हा बांधकाम खर्च म्हणजे बिल्डिंग उभी राहिली तेव्हाचा, आजचा नाही, मग त्या पैशात आजचं सिमेंट कसं येणार. इतकं साधं आहे आणि इतक्या वर्षांत कुणी सांगितलंच नव्हतं. आवाज चढले, एकजण तर उठून गेले, पण "किमान" या शब्दावर बोट ठेवून तुम्ही वाढ पास करून घेतलीत, आणि मुख्य म्हणजे त्या महिन्यापासून प्रत्येक खर्चाची झेरॉक्स लिफ्टशेजारच्या काचेच्या बोर्डात लागायला लागली. अगदी झाडूच्या खरेदीची पण. लिफ्ट येईपर्यंत लोक उभ्या उभ्या बिलं वाचायला लागले. मोटर रिपेअरला एवढे कसे, पंपवाल्याने जीएसटी कसा लावला नाही, असे प्रश्न पहिल्यांदा ऐकू आले. पूर्वी आपण कमिटीला फक्त नावं ठेवायचो, त्याला हिशोब लागत नव्हता.

आता गच्ची. यासाठी खरं तर वेगळं पत्र लिहायला हवं. वरच्या मजल्यावरच्या आजींच्या बेडरूममध्ये दर जुलैत बादली ठेवायला लागायची आणि दरवर्षी कुणीतरी डांबर फासून जायचा. यंदा एप्रिलमध्ये जुना चायना मोझॅक फोडला, खाली स्लॅबला भेगा निघाल्या, त्या भरल्या, वॉटरप्रूफिंगचे कोट झाले, आणि कॉन्ट्रॅक्टर म्हणाला झालं मॅडम, बिल काढा. तुम्ही म्हणालात पाणी भरा. गच्चीवरच्या पाइपांची तोंडं गोणपाट आणि सिमेंटने बुजवली, दाराशी विटांचा बांध घातला आणि गच्चीचं तळं केलंत. पॅरापेटला खडूने पाण्याच्या पातळीची रेघ मारलीत, तारीख-वेळ लिहिलीत. रोज सकाळी तुम्ही गुडघ्याला पट्टा बांधून वर, आणि आजी खाली आरामखुर्चीत छताकडे बघत बसलेल्या, कुठे डाग उठतोय का म्हणून. पाणी उन्हानेच उडतंय की कुठे मुरतंय हे कळायला तुम्ही शेजारी एक पाण्याने भरलेलं घमेलंही ठेवलंत, त्यातलं किती उतरलं ते बघून हिशोब लावायचा! कॉन्ट्रॅक्टर डोक्याला हात लावून बसला होता. एका कोपऱ्यात ओल आलीच, तेवढा भाग परत केला, परत पाणी. आणि 10 टक्के पैसे तुम्ही जुलैतला दणक्याचा पाऊस होईपर्यंत सोडले नाहीत ते नाहीतच. यंदा आजींची बादली मोरीत आहे.

थकबाकीचं मला सगळ्यात आवडलं, आणि हे थोडं नाजूक आहे म्हणून मोघमच लिहिते. ग्रुपवर मागणी होती की डिफॉल्टरांची नावं बोर्डावर लावा, 21 टक्क्यांपर्यंत व्याज लावता येतं, लावा, मग कळेल त्यांना. तुम्ही नावं लावली नाहीत. दार वाजवून आत जाऊन बसलात. कुणाची नोकरी गेली होती, कुणाला बिल्डरच्या वेळचा कुठला तरी जुना राग होता. हप्ते ठरले, बरेचसे पैसे आले. ज्यांचे आले नाहीत त्यांना रीतसर नोटीस पाठवलीत. ते पण बरोबरच केलंत, सगळं गोडीने होत नाही.

बाकी छोट्या छोट्या गोष्टी किती सांगू. खालच्या टाकीचा बॉलकॉक खराब होता आणि आपण पाणी कमी येतं म्हणून महापालिकेच्या नावाने ओरडायचो. वॉचमनच्या केबिनला पंखा आला, आणि त्यांना रात्री वापरायला तळमजल्यावरचं टॉयलेट मिळालं, यावरही दोघातिघांनी वाद घातला होता, मला खरंच कळत नाही लोकांचं. ओला-सुका कचरा वेगळा करायचा नियम 2016 पासून आहे, आपल्याकडे तो तुमच्यामुळे आला, आणि तोही हळदीकुंकवातून! वाण म्हणून सुक्या कचऱ्याची कापडी पिशवी देणारी बाई मी जन्मात बघितली नव्हती. त्या हळदीकुंकवाला तुम्ही घरकाम करणाऱ्या सगळ्या मावश्यांना बोलावलंत आणि नवरा नसलेल्यांनाही, आणि कुंकू लावायचं का ते जिचं तिने ठरवावं म्हणालात. माझी आई त्या दिवशी कित्येक वर्षांनी अशा कार्यक्रमाला खाली उतरली. ती काही बोलली नाही पण पिशवी अजून तिच्याच कपाटात आहे, तिच्यात कचरा टाकू देत नाही कुणाला.

ओल्या कचऱ्याच्या खताचा खड्डा मात्र पहिले दोन महिने घाण वास मारत होता हे सी विंगवाल्यांचं म्हणणं खरं होतं, सुका पाला कमी पडत होता, आता ठीक आहे. आणि पाडव्याच्या शोभायात्रेला जायला पहाटे साडेपाचला सगळ्यांच्या बेल वाजवायची खरंच काही गरज नव्हती काकू. गेलो ते बरं झालं, कोपिनेश्वरापाशी आपल्या पोरांनी लेझीम काय खेळलं, पण साडेपाच?

गणपतीत यंदा दहाला स्पीकर बंद झाला आणि नंतर अंताक्षरी पेटीवर झाली, ती स्पीकरपेक्षा जास्त मोठ्याने, हे तुमच्या लक्षात आलं असेलच.

आता रविवारी एजीएम. दरवर्षी आपली मीटिंग कशी व्हायची, दहाला सुरू, कोरम नाही, अर्धा तास तहकूब, मग तेच सहा-सात जण आणि फरसाण. 20 माणसं जमायला हवीत तर ती जमायची नाहीत. यंदा ग्रुपवर आत्ताच लोक अजेंडा मागतायत, बॅलन्स शीटच्या पानांवर प्रश्न विचारतायत, बी विंगच्या दोन पोरींनी तर सोलरचा विषय दिलाय, सोसायटीच्या कॉमन लाइट-लिफ्टसाठी केंद्राच्या योजनेत किलोवॅटमागे 18,000 रुपये सबसिडी आहे म्हणून कोटेशन घेऊन येणारेत. सतरंजी पुरणार नाही, खुर्च्या भाड्याने सांगितल्यात, व्हाउचर बोर्डात लावलंय.

कोजागिरीचं दूध यंदा गच्चीवर करायचं ठरतंय, मसाला मी आणते. काकू, मनापासून थँक्यू, सगळ्या विंगांकडून. निदान अजून एक वर्ष तरी ती चावी कुणाला देऊ नका.

तुमचीच,
बी विंग, तिसरा मजला

ता. क. या महिन्याच्या बिलात मला टू-व्हीलर पार्किंग लागलंय. स्कूटर आम्ही दिवाळीतच विकली, तसं पत्र दिलेलं आहे, त्याची पोच पण आहे. रविवारी मीटिंगच्या आधी घेऊन येते, तेवढं बघून घ्या.