नवऱ्यालाही औषध हवे

आरोग्य पुरवणीतील ‘अंगावरून पांढरे जाणे’ या विषयावरचा लेख वाचला. स्वच्छतेचा सल्ला ठीक, पण सगळा भार बाईवरच टाकलेला पाहून वाईट वाटले. हा त्रास अनेकदा जिवाणूंमुळे होतो. त्यांतला गार्डनेरेला व्हजायनोलायसिन नावाचे विष सोडतो आणि ते पेशींच्या आवरणाला छिद्रे पाडते. अशा वेळी आतून धुण्याने उलट अपायच होतो. शिवाय हे जिवाणू पुरुषाच्या अंगावरही राहतात. ऑस्ट्रेलियात १६४ जोडप्यांवर केलेला अभ्यास २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. फक्त स्त्रीला औषध दिले, तेव्हा १२ आठवड्यांत ६३ टक्के जणींचा त्रास पुन्हा उद्भवला. जोडीदारालाही गोळ्या आणि मलम दिल्यावर हे प्रमाण ३५ टक्क्यांवर आले.

परिचारिका म्हणून वर्षानुवर्षे मी एकच दृश्य पाहिले. पदराच्या गाठीत जुनी चिठ्ठी बांधून बाई तिसऱ्यांदा आलेली, आणि नवरा फाटकाबाहेर मोटारसायकलवर बसलेला. त्याला आत बोलवा, हे लेखात ठळक छापायला हवे होते.

– एक निवृत्त परिचारिका, सातारा